घर-शिवार : गव्हाविना बिस्किट



या सदरातून आपण बहुधा बियाणे, खते, फवारणी यांविषयी बोलतो. आज बोलायचे आहे ते एका बिस्किटाविषयी. साहेबांना आता स्वयंपाकघरात शिरायची हौस आली, असे कोणी म्हणेल. पण शेतात पिकते ते शेवटी ताटातच येते, आणि ताटातले एखादे धान्य घरातल्या लेकराला सोसत नसेल, तर तो प्रश्न शेतीचाही होतो. म्हणून हा लेख बांधावरच्या भावांनीही वाचावा आणि घरात वाचून दाखवावा.

कळमनुरी तालुक्यात, हिंगोली-नांदेड रस्त्यावर डोंगरकडा हे गाव आहे. केळी, हळद आणि उसाचा हा पट्टा. तेथे एका शेतकऱ्याच्या केळीच्या बागेत करप्याची पाहणी करायला गेलो होतो. पाहणी झाल्यावर घरी चहा आला, सोबत पुड्यातली बिस्किटे आली. कोपऱ्यात सहा-सात वर्षांचा नातू बसला होता. हातपाय काड्यांसारखे, पोट तेवढे पुढे आलेले. त्याने बशीकडे पाहिले आणि मान खाली घातली. मी एक बिस्किट त्याच्यापुढे केले, तशी आजी म्हणाली, "नका देऊ साहेब. डॉक्टरनं गहू बंद केलाय त्याचा. जन्मभरासाठी."

दोन वर्षे त्या लेकराला जुलाब होत होते. दृष्ट काढून झाली, जंताचे औषध झाले, ताकद येण्याच्या बाटल्या झाल्या. अखेर नांदेडला रक्त तपासले, दुर्बिणीने आतड्याचा तुकडा काढून पाहिला, तेव्हा निदान झाले. आजीला ते पटत नव्हते. "गव्हानं कधी कोणाला तरास झालेला ऐकलाय का वो? आमच्या टायमाला तर सणासुदीलाच पोळी. बहात्तरच्या दुष्काळात मिलो खाल्ला, सुकडी खाल्ली, पण असलं काही ऐकलं न्हाई."

मावशींचा प्रश्न रास्त होता, म्हणून प्रथम त्याचेच उत्तर देतो.

हा आजार कोणता?

गव्हाची कणीक मळून तो गोळा पाण्याखाली धूत राहा. पांढरे पाणी निघून जाते आणि शेवटी हातात रबरासारखा चिवट लगदा उरतो. तेच ग्लुटेन. (कुरडईसाठी आपण काढतो तो चीक म्हणजे मुख्यतः गव्हातले पिष्ट, ते वेगळे.) ग्लुटेन हे गव्हातले प्रथिन. पोळी लाटली जाते, पाव फुगतो, तो त्याच्याच जोरावर. जव आणि राय या धान्यांतही त्याच जातीची प्रथिने असतात. ज्वारी, बाजरी, तांदूळ, मका, नाचणी, वरई, राजगिरा, डाळी, शेंगदाणे यांत ती नसतात.

काही माणसांच्या शरीराला हे प्रथिन शत्रू वाटते. त्याच्याशी लढताना शरीर स्वतःच्याच लहान आतड्याला इजा करते. आतड्याच्या आतल्या बाजूस मखमलीसारखे बारीक तंतू असतात, अन्नरस तेच शोषून घेतात. ते झिजले की लेकरू पोटभर जेवले तरी अंगी लागत नाही. जुलाब, फुगलेले पोट, खुंटलेली वाढ, औषधाने न हटणारा पंडुरोग ही त्याची लक्षणे. मोठ्या माणसांतही हा आजार निघतो. याला सिलिअ‍ॅक रोग म्हणतात. उत्तर भारतात, जेथे तिन्ही त्रिकाळ गहू खातात, तेथे पाहणीत शंभरात एकाच्या आसपास माणसांना तो आढळला. दक्षिणेकडे प्रमाण बरेच कमी आहे. आपल्याकडे ज्वारी जाऊन गहू रोजचा झाला आणि तपासणीची सोयही वाढली, म्हणून मावशींनी जे ऐकले नव्हते ते आता ऐकू येते.

केळीने दिलेला चकवा

केळी पिकवणाऱ्या गावाला एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. 1924 साली न्यूयॉर्कचे डॉ. सिडनी हास यांनी अशा लेकरांना केळीचा आहार सुरू केला. पाव बंद, धान्य बंद, केळी भरपूर. मरणाच्या दारातली लेकरे सुधारली. लोकांना वाटले, केळीतच औषध आहे. पुढे कित्येक वर्षे तीच समजूत राहिली. लेकरू बरे झाले की घरचे पुन्हा पाव देत आणि दुखणे परत येई.

खरे कारण सापडले ते नेदरलँड्समध्ये. हेग येथील बालरोगतज्ज्ञ डॉ. विलेम-कारेल डिके यांना गव्हाचा संशय आधीपासून होता. 1944-45 च्या हिवाळ्यात, महायुद्धात, तेथे मोठी उपासमार झाली. पाव मिळेना, लोकांनी ट्यूलिपच्या फुलझाडांचे कंदसुद्धा खाल्ले. इतर माणसे खंगत असताना या आजाराची लेकरे मात्र बरी दिसू लागली. पाव पुन्हा मिळू लागताच ती परत आजारी पडली. 1950 साली डिके यांनी यावर प्रबंध लिहिला. म्हणजे गुण केळीचा नव्हता, गहू बंद झाल्याचा होता. मावशींना हे सांगितले तेव्हा त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे दुष्काळानंच दाखवून दिलं म्हणा की."

यावर औषधाची गोळी आजही नाही. गहू कायमचा बंद करणे हाच इलाज. बंद केला की लेकरू हळूहळू भरते आणि चारचौघांसारखे वाढते.

माझी चूक

"भाकर खातंय ते," सून म्हणाली. "पण शाळेत पोरं बिस्किटं खात्यात अन् हे तोंड बघत बसतंय. मग चोरून खातंय. एका बिस्किटानं आठ दिवस जातेत." रोजच्या जेवणाचा प्रश्न ज्वारीने सोडवला होता, राहिला होता खाऊचा. मी म्हणालो, "गव्हाशिवाय बिस्किट होते. ज्वारी, शेंगदाणा, खोबरे घ्या. मी रीत लिहून देतो." आणि गिरणीतून ज्वारी बारीक दळून आणा, असेही सांगून आलो.

महिन्याने फोन आला. बिस्किटे झकास झाली होती, पण लेकराचे पोट पुन्हा बिघडले होते. चूक मावशींनीच शोधली. गिरणीत त्यांच्या आधी गव्हाचे दळण पडले होते. पाळ्यांत, पिशवीत, सुपात गव्हाचे पीठ राहतेच. आपल्याला ते दिसत नाही, पण त्या आतड्याला कळते. मी कृषी शास्त्राचा पदवीधर, बियाण्यात भेसळ नको म्हणून वर्षानुवर्षे गावोगाव सांगत आलो आणि पिठातली भेसळ माझ्या ध्यानात आली नाही. म्हणून कृतीच्या आधी हे नियम लिहितो.

1. शक्य तर जात्यावर किंवा घरच्या छोट्या चक्कीवर दळावे, आणि त्यावर गहू कधीच दळू नये. थोडे पीठ मिक्सरवरही निघते.
2. गिरणीशिवाय इलाज नसेल, तर गिरणीवाल्या भाऊंना कारण सांगून पाळ्या झाडून घ्याव्यात. आधी आपलीच दोन-तीन किलो ज्वारी टाकावी. ते पीठ घरातल्या इतरांना किंवा जनावरांना वापरावे आणि मगच लेकराचे दळण घ्यावे. धोका याने कमी होतो, पुरता जात नाही.
3. लेकराच्या पिठाचा डबा, चाळणी, परात आणि तवा वेगळे ठेवावेत. चाळणीच्या जाळीत कणीक अडकून राहते.
4. बिस्किटे बेकरीच्या भट्टीत भाजायला नेऊ नयेत. तेथील पत्र्यांवर आणि हवेतही मैदा असतो.

साहित्य

यातून साधारण तीस बिस्किटे होतात.

ज्वारीचे पीठ 150 ग्रॅम, भाजलेल्या शेंगदाण्याचा कूट 100 ग्रॅम, किसलेले सुके खोबरे 50 ग्रॅम, तीळ 20 ग्रॅम, बारीक चिरलेला गूळ 120 ग्रॅम, तूप किंवा घरचे लोणी 60 ग्रॅम, जवसाची पूड 10 ग्रॅम, खाण्याचा सोडा पाव चमचा, चिमूटभर मीठ, दोन वेलदोडे आणि लागेल तसे दूध.

जवस कशाला, असे विचाराल. ज्वारीत चिवटपणा नाही, हे भाकरी थापणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. म्हणूनच आपण पिठात कढत पाणी घालतो. बिस्किटात ते काम जवस करते. जवसाची पूड तीन चमचे कोमट पाण्यात दहा मिनिटे भिजवली की बुळबुळीत होते आणि पीठ धरून ठेवते. जवस नसेल तर एक अंडे घालावे. घरचे पिकलेले केळे कुस्करून घातले तरी चालते. मग गूळ 90 ग्रॅम पुरे, दूध घालू नये. मात्र केळीची बिस्किटे मऊ राहतात आणि दोन दिवसांत संपवावी लागतात.

शेंगदाणे निवडताना घाई करू नये. बुरशी आलेले, काळपट, सुरकुतलेले, चवीला कडवट दाणे फेकून द्यावेत. त्यांत अफ्लाटॉक्सिन नावाचे विष असू शकते. ते यकृतावर जाते आणि भाजल्याने पुरते नष्ट होत नाही. त्याचे मूळ शेतात आहे. शेंगा काढणीनंतर नीट वाळल्या नाहीत, ओलसरच पोत्यात भरल्या, तर बुरशी धरते. शेंग हलवल्यावर दाणा आत खुळखुळ वाजेपर्यंत वाळवावी. खोबरेही वास घेऊन घ्यावे. खवट खोबरे सगळी बिस्किटे बिघडवते.

कृती

ज्वारीचे पीठ मंद आचेवर कोरडेच पाच-सात मिनिटे भाजावे. खमंग वास आला की उतरवावे. यामुळे कच्चट चव जाते. खोबरे आणि तीळ वेगवेगळे, हलकेच भाजावेत. खोबरे पटकन करपते, तेव्हा हात चालू ठेवावा. शेंगदाण्याची साले पाखडून कूट जाडसर करावा. फार फिरवला तर तेल सुटून गोळा होतो.

परातीत तूप आणि गूळ तळहाताने फेसावा. गूळ विरघळून रंग फिका झाला की भिजलेले जवस, मीठ, वेलदोड्याची पूड घालावी. मग पीठ, सोडा, कूट, खोबरे आणि तीळ घालून हलक्या हाताने एकत्र करावे. कोरडे वाटले तर चमचा-चमचा दूध घालावे. दोन-तीन चमच्यांपेक्षा जास्त लागत नाही. मुठीत दाबल्यावर गोळा राहिला की झाले. वीस मिनिटे झाकून ठेवावे. तेवढ्यात ज्वारी ओल धरते आणि बिस्किट फुटत नाही.

लिंबाएवढ्या गोळ्या करून तळहातावर चपट्या कराव्यात. कडा भेगाळल्या तर बोटाने सारख्या कराव्यात. पोळीसारखे लाटायला जाऊ नये, ते जमणार नाही.

भट्टी घरचीच

जाड बुडाचे जुने पातेले किंवा कढई घ्यावी. तळाशी दोन बोटे जाडीचा धुऊन वाळवलेल्या वाळूचा किंवा जाड्या मिठाचा थर द्यावा. त्यावर लोखंडी कडे ठेवावे. घट्ट झाकण घालून मध्यम आचेवर दहा मिनिटे तापवावे. मग तूप लावलेल्या ताटलीत अंतर राखून बिस्किटे मांडावीत, ताटली कड्यावर ठेवावी, झाकण घालावे आणि आच मंद करावी. वीस ते पंचवीस मिनिटांत कडा बदामी होतात. चुलीवर करताना खाली थोडे निखारे आणि झाकणावर थोडे निखारे ठेवावेत. नानकटाई पूर्वी अशीच होत असे.

गरम असताना बिस्किट मऊ लागते. कच्चे राहिले समजून पुन्हा आचेवर ठेवू नये. ताटलीतच पंधरा मिनिटे राहू द्यावे, थंड झाले की कडक होते. पूर्ण गार झाल्यावर कोरड्या डब्यात भरावे. दहा-बारा दिवस चांगले राहते. उन्हाळ्यात त्याआधीच संपवावे, कारण दाणे आणि खोबरे खवटतात.

केळीवाल्यांनी आणखी एक करून पाहावे. घडातल्या बाजारात न चालणाऱ्या लहान फण्या हिरव्या असतानाच सोलून, पातळ चकत्या करून लिंबू पिळलेल्या पाण्यात बुडवाव्यात आणि कडक उन्हात कुडकुडीत वाळवाव्यात. मिक्सरवर पीठ करावे. सहा-सात किलो कच्च्या केळीतून किलोभर पीठ निघते. वरच्या साहित्यात 50 ग्रॅम ज्वारीऐवजी ते घालावे. बिस्किट जास्त खुसखुशीत होते.

पौष्टिक, पण बेताने

खोटे सांगणार नाही. या बिस्किटात मैदा नाही, डालडा नाही, पण गूळ आणि स्निग्धांश आहे. हिशेब केला तर एका बिस्किटात साधारण चार ग्रॅम गूळ, पाच ग्रॅम स्निग्धांश आणि दीड ग्रॅम प्रथिने पडतात. वाढत्या लेकराला रोज दोन-तीन पुरेत. मधुमेह असलेल्या माणसाने "गुळाचे आहे" म्हणून मूठभर खाऊ नयेत. गूळही साखरच वाढवतो. शेंगदाण्याने अंगावर पित्त उठते किंवा धाप लागते अशांनी ती खाऊच नयेत.

गहू कोठे लपतो?

रवा, मैदा, शेवया, दलिया, कुरडई हे उघड आहे. पण बांधणीच्या हिंगात मैदा असू शकतो. सातूच्या पिठात बहुधा गहू असतोच. दुकानच्या शेवेत, फरसाणात मिसळ असते. भजी ज्या तेलात तळायची त्यात आधी पुरी तळलेली असते. अंगणवाडीतून मिळणाऱ्या पाकिटात गहू आहे का, ते ताईंना विचारून घ्यावे. देवाच्या प्रसादाचा शिरासुद्धा लेकराला देऊ नये. देव रागावत नाही. त्याच्यासाठी खोबऱ्याचा तुकडा ठेवावा.

पुड्यावर "ग्लुटेनविरहित" असे लिहायचे तर किलोमागे ग्लुटेन 20 मिलिग्रॅमहून जास्त असता कामा नये, असा अन्नसुरक्षेचा नियम आहे. ज्या बचत गटांना ही बिस्किटे विकायची असतील त्यांनी हे ध्यानात ठेवावे. नोंदणी आणि तपासणी होईपर्यंत "ज्वारीची बिस्किटे" एवढेच लिहावे. आपल्या उत्साहापायी दुसऱ्याच्या लेकराचे पोट बिघडू नये.

मग सर्वांनीच गहू सोडावा काय?

नाही. ज्याला गहू सोसतो त्याने तो सुखाने खावा. आणि ज्याला संशय आहे त्याने तपासणीआधी गहू बंद करू नये. गहू सोडल्यावर रक्तातल्या खुणा पुसट होतात आणि निदान चुकते. आधी डॉक्टर, मग रक्ततपासणी, मग पथ्य, असा क्रम ठेवावा. निदान झाले तर सख्ख्या भावंडांची आणि आईवडिलांचीही तपासणी करून घ्यावी, कारण हा आजार घराण्यात चालतो.

मात्र ज्वारी सर्वांनीच वाढवावी, असे माझे म्हणणे आहे. सोयाबीन, हळद, ऊस आणि केळीने आपल्या शिवारातून तिला कोपऱ्यात सारले. पैशाचे पीक हवेच, पण घरापुरती ज्वारी घरची असावी. परभणीच्या आपल्या कृषी विद्यापीठाने 2018 साली 'परभणी शक्ती' हा वाण दिला. इक्रिसॅटबरोबर तयार केलेल्या या वाणात लोह आणि जस्त जास्त आहे. दहा लाख भागांत लोह सुमारे 45 भाग, तर नेहमीच्या ज्वारीत ते 30 च्या आसपास असते. आतडे झिजून पंडुरोग झालेल्या लेकराच्या घरी असे धान्य असले तर बरेच, पण त्याने डॉक्टरांची औषधे बंद करू नयेत. बियाण्याची चौकशी कळमनुरी तालुक्यातल्याच तोंडापूर कृषी विज्ञान केंद्रात करावी.

डोंगरकड्याच्या त्या घरी नंतर पुन्हा गेलो. माळ्यावरचे जाते खाली आले होते आणि त्याला टाकी लावून घेतली होती. केळीशेजारच्या वीस गुंठ्यांत ज्वारी उभी होती. "बाजारला एक दाणा न्हाई द्यायचा यातला," मावशींनी आधीच बजावले. चहा आला, बशीत घरची बिस्किटे होती, थोडी वाकडीतिकडी. पुड्यातली त्या घरात आता कोणीच आणत नाही. लेकराच्या एकट्यासाठी वेगळे नको, सगळ्यांनीच हेच खायचे, असे सुनेने ठरवले होते. मला वाटते, त्या घरातला खरा इलाज हाच.

या वेळी बशी त्या नातवानेच माझ्यापुढे धरली. गालावर मांस दिसत होते. "घ्या साहेब," तो म्हणाला, "हे तुम्हालाबी चालतंय."

आपल्या घरी असे कोणी लेकरू असेल, भाकरीशिवाय त्याच्यासाठी आणखी काही करत असाल, तर ती रीत आम्हांस अवश्य लिहून कळवावी. पुढील लेखात हळदीच्या काढणीनंतरच्या कामांविषयी बोलू.